सहा महिन्यांचा सप्ताह

"आजच्या तारखेला बस सव्वापाचची आहे," असं बाई म्हणायच्या.

ती बस वर्षानुवर्षं सव्वापाचलाच सुटत होती. पण बाई कुठलीही गोष्ट तारखेशिवाय सांगत नसत. आजच्या तारखेला बांगडा ताजा आहे. आजच्या तारखेला साहेब खूश आहेत. एकदा नव्या शिपायाने विचारलं, "बाई, तुमचं गाव कुठलं?" तर म्हणाल्या, "आजच्या तारखेला खेड." आम्ही सगळे हसलो. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. त्याच्या पालुपदाची सगळे नक्कल करतात, पण ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही. मी विचारलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं, कारण मी पार्टिशनच्या पलीकडे बसत होतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. तालुका कुठला ते सांगत नाही. न सांगण्याची सवय त्या नोकरीतच लागली. बाई तिथे समुपदेशक होत्या. गरोदर बायकांची एचआयव्हीची तपासणी मी करायची, आणि जिची पॉझिटिव्ह येईल तिला पुढे काय करायचं ते बाईंनी समजवायचं. गोपनीयता राहावी म्हणून आमच्या एका खोलीच्या दोन केल्या होत्या, मध्ये प्लायवूड ठोकून. ते प्लायवूड छताच्या दोन हात खालीच संपत होतं. बाईंच्या बाजूला पाटी होती, 'येथील संभाषण गुप्त राहील', आणि ते संभाषण मी रोज ऐकत होतो. पलीकडे कुणी रडायला लागलं की मी रक्ताच्या नळ्या फिरवायचं मशीन सुरू करायचो, आत नळी नसली तरी. त्याची घरघर मोठी होती. एकदा बाईंनी विचारलं, "भाऊ, आज एवढं रक्त कुठून आलं?" मी रिकाम्या नळ्या मोजायला घेतल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बाजारात बाई कुणाला ओळखत नसत. गावात सगळ्यांना त्यांचं काम माहीत होतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना दिसणं म्हणजे लोकांना विषय देणं. समोरून एखादी ओळखीची बाई मूल कडेवर घेऊन येताना दिसली की आमच्या बाई लगेच कोळणीच्या टोपलीवर वाकत आणि माशाचे कल्ले उघडून बघत. ती बाई पुढे जाईपर्यंत हे चाले. न घेता असे त्यांनी किती मासे तपासले असतील, याची गणती नाही. कोळणी वैतागायच्या. "घ्यायचा नाय तर हात कशाला लावतेस गो?" बाई निमूट ऐकून घेत. मला म्हणायच्या, "आपल्याकडे येऊन बरं चाललेलं माणूस आपल्याला ओळख दाखवत नाही. ती आपली पावती."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

तिचं नाव सुगंधा नव्हतं, पण आपण सुगंधा म्हणू. कातळाच्या सड्यापलीकडच्या एका वाडीतली. नवरा मुंबईला हॉटेलात कामाला, घरी ती आणि सासू. पहिल्या खेपेला दिवस गेले, तपासणीला आली, आणि माझ्याकडून पॉझिटिव्हचा कागद घेऊन बाईंच्या बाजूला गेली. नवऱ्याची तपासणी मुंबईत झाली, त्याचंही तेच निघालं. सासूला सांगायचं नाही, असं नवरा-बायकोने ठरवलं. बाईंनीही तेच सुचवलं होतं. त्या काळी एवढ्याशा वाडीत ही गोष्ट एका घराबाहेर गेली की पाणवठाच बंद व्हायचा.

तेव्हा बाईंकडे चित्रांची एक वही होती. तिच्यातून त्या शिकवायच्या. आईच्या दुधातून विषाणू बाळाकडे जाऊ शकतो. परवडत असेल आणि पाणी स्वच्छ असेल तर अंगावर अजिबात पाजू नका, पावडरचं दूध वाटी-चमच्याने द्या. ते जमत नसेल तर नुसतं अंगावरचं द्या. थोडं हे थोडं ते मात्र कधीच करायचं नाही. वरचं काही पोटात गेलं की बाळाचं कोवळं आतडं दुखावतं आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. सुगंधाच्या नवऱ्याने डबे पाठवायचं कबूल केलं. बाईंनी विहीर विचारली, चूल विचारली, भांडी कशी धुता ते विचारलं. सगळी उत्तरं बरोबर आली.

"मग अंगावर घेऊच नकोस," बाई म्हणाल्या.

मुलगी झाली. सासूला सांगितलं, सुनेला दूधच उतरलं नाही. सासू कंबर बांधून उठली. अळिवाची खीर झाली, मेथीचे लाडू झाले, शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली, ग्रामदेवतेला नारळ झाला. सासू दूध यावं म्हणून खीर करत होती आणि सून न्हाणीत जाऊन आलेलं दूध पिळून टाकत होती. हे सुगंधानेच बाईंना सांगितलं. सांगताना ती थोडी हसलीही होती. मला ते हसू पलीकडून ऐकू आलं.

पाऊस जोरावर आला तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. लाकडं भिजली, विहिरीचं पाणी गढूळ झालं. दिवसातून आठ वेळा पाणी उकळायचं म्हणजे जळण किती लागतं, ते वहीतल्या चित्रात नव्हतं. सासू विचारायची, एवढं उकळायचं काय नडलंय? आमची पोरं ह्याच पाण्यावर वाढली. सुगंधाला कारण सांगता येत नव्हतं. कधी पाणी उकळलं, कधी नुसतं कोमट झालं. मुलीला जुलाब सुरू झाले. ओढ्यावरचा साकव, वाडीचा एकुलता पूल, पाण्याखाली होता. पाणी उतरून साकव मोकळा व्हायला दोन दिवस लागले. मुलगी तेवढी थांबली नाही.

ती सहा आठवड्यांची असताना तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब मी कागदावर घेतले होते आणि तो कागद मुंबईला पाठवला होता. त्याचा निकाल ती गेल्यावर बारा दिवसांनी आला. निगेटिव्ह होता. मी तो बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, फाईलला लावला आणि नोंदवहीत 'मृत' असं लिहिलं. महिन्याच्या तक्त्यात मात्र मृत असा रकाना नव्हता. पॉझिटिव्ह किती आणि निगेटिव्ह किती, एवढंच विचारलेलं होतं. त्यामुळे तक्त्यात ती मुलगी आमच्या केंद्राचं यश म्हणून गेली.

पुढे रत्नागिरीला प्रशिक्षण झालं. मीही गेलो होतो. तिथे सांगितलं की नियम बदलले आहेत. आता आईला जन्मभराच्या गोळ्या, बाळाला पहिले काही आठवडे औषध, आणि सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. गोळ्या नीट चालू असतील तर दुधातून होणारा धोका अगदी कमी होतो, आणि वरच्या दुधाने होणाऱ्या जुलाबांचा धोका मात्र आपल्याकडे मोठा आहे. सगळ्यांनी लिहून घेतलं. बाईंनी हात वर केला.

"आधी ज्यांना पाजू नका म्हणून सांगितलं, त्यांना काय सांगायचं?"

शिकवणारे सर समजूतदार होते. "मॅडम, तेव्हा तेच बरोबर होतं. आता पुढचं बघायचं." मग चहा आणि बटाटेवडे आले. बाईंनी वडा घेतला, कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात तसाच निघाला.

दोन-अडीच वर्षांनी सुगंधा पुन्हा आली. पाचवा महिना चालू होता, आणि गोळ्या सुरू होऊन वर्ष झालं होतं. बाईंनी नवी वही उघडली आणि नवं सांगायला लागल्या. सुगंधाने सगळं ऐकून घेतलं.

"तेव्हा पाजू नको म्हणालात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता पाज म्हणता. मग ती कशानं गेली?"

माझा हात मशीनच्या बटणाकडे गेला. पण कुणी रडत नव्हतं, म्हणून थांबलो.

बाईंकडे उत्तर होतं, सही-शिक्क्यासकट. तेव्हाचा नियम तसा होता, हे खरंच होतं. त्यांनी ते दिलं नाही. त्या म्हणाल्या, "पाण्यानं गेली. आणि ते दूध द्यायला मी सांगितलं होतं."

"तुमी मुद्दाम नाय सांगितलंत."

"नाही. पण सांगितलं मीच."

"आणि आता सांगता ते खरं कशावरनं?"

"आजच्या तारखेला एवढंच ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. "गोळी एकही दिवस चुकवली नाहीस आणि सहा महिने नुसतं अंगावरचं दिलंस, तर धोका अगदी थोडा राहतो. शून्य नाही. शून्य म्हणाले तर ते खोटं होईल. उद्या याहून बरं काही कळलं, तर मी स्वतः येऊन सांगेन की आज सांगितलं ते कमी होतं."

त्या दिवसापासून बाईंच्या बोलण्याला तारीख लागली, तिच्यातून बसची वेळही सुटली नाही.

आता अडचण सासूची होती. मागच्या वेळी खीर करून हरलेली बाई या वेळी मधाची बाटली आणि घुटीची सहाण घेऊन तयार बसणार, हे उघड होतं. तिला अडवायला कुणीतरी घरी जायला हवं. पण बाई एकट्या सुगंधाच्याच घरी गेल्या असत्या, तर वाडीने दोन दिवसांत कारण शोधून काढलं असतं. मदत करायची तर दूर राहायला हवं, आणि दूर राहिलं तर मदत होणार नाही.

सुगंधाला मुलगा झाला तो जुलैच्या शेवटी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाडीत स्तनपान सप्ताह असतो. बाईंनी अंगणवाडीच्या ताईंना गाठलं आणि सप्ताहासाठी त्याच वाडीची निवड केली. वाडीत अंगावर पिणारी पाच मुलं होती. बाई पाचही घरी गेल्या. सप्ताह आहे असं कळल्यावर गावच्या भजनी बुवांनी टाळ काढून पुसले आणि विणा कोण धरणार ते विचारायला माणूस पाठवला. दुधाचा सप्ताह आहे हे कळल्यावर टाळ परत आत गेले.

सप्ताह सात दिवसांत संपायचा, पण बाईंचा सहा महिने चालला. दर रविवारी, म्हणजे स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, त्या सकाळच्या गाडीने जायच्या, तिठ्यावर उतरून साकव ओलांडून वाडीत पोचायच्या आणि पाच घरच्या पाच सासवांशी भांडायच्या. कधी पिशव्या धरायला मीही बरोबर असायचो. सुगंधाच्या घरी त्या सगळ्यात कमी वेळ बसत.

"पाणी पन नाय?" एक म्हातारी म्हणाली. "मांजराच्या पिल्लाला पन आमी पाणी दाखवतो."

"मांजरीच्या पिल्लाला मध कोण चाटवतं, आजी?"

"आमी मध चाटवूनच वाडवली. सात पोरं वाडवली."

"सातच झाली होती?"

म्हातारी सुपातले तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "नऊ." आणि थोड्या वेळाने सुनेला हाक मारून तिने फळीवरची मधाची बाटली काढून बाईंच्या हवाली करायला लावली.

अशी एका घरच्या गुपितापायी अख्ख्या वाडीतली पोरं सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर वाढली आणि गुटगुटीत झाली. तालुक्यात त्या वाडीच्या वजनांचं कौतुक झालं. सत्कार तालुक्याच्या ज्या मॅडमचा झाला, त्या साकव ओलांडून कधीच आल्या नव्हत्या. बाई टाळ्या वाजवायला हजर होत्या. तालुक्याच्या गावात लोक ज्यांना 'तसल्या आजाराच्या बाई' म्हणत, त्यांना वाडीत 'दूधवाली बाई' म्हणू लागले. बढतीच म्हणायची.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी सुगंधा अचानक आली. मुलगा कडेवर, तोंडाला कोरड पडलेली. ती ओढ्यावर धुणं धुवायला गेली असताना सासूने पोराला मध चाटवला होता. एक बोट.

"आता झालं ना सगळं?" तिने विचारलं.

बाईंनी शांतपणे प्रश्न विचारले. गोळी चुकली का? नाही. छातीला चीर, गळू काही? नाही. बाळाच्या तोंडात फोड? नाही.

"मग एका बोटाने सगळं बुडत नाही. घरी जा आणि पाजत राहा. घाबरून वरचा डबा मात्र आणू नकोस."

"उद्या परत देतील. मी किती वेळ राखण करू?"

"सासूला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी सांगणार नाही. सांग असंही म्हणणार नाही, आणि नको सांगू असंही आता म्हणणार नाही."

आठ दिवसांनी सासू आली, एकटी. नऊवारी नेसलेली, हातात छत्री. आत जाऊन बसण्याआधी ती बाईंच्या दारातून पाटीकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"तिनं सगळं सांगितलंन," ती म्हणाली. "माझ्या पोराकडनं आला ना आजार?"

"कुणाकडून आला ते तपासणीत दिसत नाही, मावशी. कुणाला आहे एवढंच दिसतं."

"मग तुमची तपासणी शहाणी हाय." ती थांबली. "पयल्या येळेला मी खीर करत व्हते आन ती न्हाणीत दूध ओतत व्हती. एकटी. मला सांगितलं असतंत तर जळण मी आणलं असतं. गुरांच्या बेड्यात सुकी लाकडं व्हती माझी. पाणी मी उकळलं असतं."

 दूध द्यायचं की नाही याचा निदान सरकारी कागद होता. सासूला सांगू नका, हे मात्र बाईंनी स्वतःच्या शहाणपणाने सुचवलं होतं, चांगल्या मनाने, सगळा विचार करून.

पलीकडून हुंदका ऐकू आला तसं मी मशीन सुरू केलं. आत नळी नव्हती. त्या दिवशी ते कुणासाठी सुरू केलं, हे प्लायवूडमुळे मला दिसलं नाही.

त्यानंतर त्या घरच्या राखणीची काळजी उरली नाही. शेजारीण घुटीची वाटी घेऊन आली की म्हातारी उंबऱ्यावरच आडवी व्हायची. "आमच्या पोराला काय देव नका. आमचा सप्ताह हाय." कुणी विचारलं, अजून किती दिवस, तर सांगायची, "दूधवाल्या बायला ठाऊक."

सहा आठवड्यांचा निकाल चांगला आला, सहा महिन्यांचाही आणि वर्षाचाही. अठराव्या महिन्यातली शेवटची तपासणी आमच्याच लॅबमध्ये व्हायची होती. मुलगा तोवर चालायला लागला होता. त्याने माझ्या हाताला चावा घेतला. बाई म्हणाल्या, "मी जरा चहा घेऊन येते," आणि निघून गेल्या. त्या वेळी त्या कधी चहा घेत नसत.

निकाल निगेटिव्ह आला. मी सुगंधाला सांगितलं. ती खाली बसली आणि मुलाच्या पायातले बूट उगाचच काढून पुन्हा घातले. मग मी टपरीवर गेलो. बाईंच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"निगेटिव्ह," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. साय बोटाने बाजूला केली.

"पहिलीचाही निगेटिव्हच होता, भाऊ," त्या म्हणाल्या. आणि चहा संपवून कामाला आल्या.

पुढे काही वर्षांनी वय झालं म्हणून बाईंचं कंत्राट थांबलं. निरोपाला शाल, नारळ आणि समोसे. साहेबांनी भाषण केलं. बाईंचा जनसंपर्क दांडगा होता, म्हणाले. बाईंनी ते गंभीरपणे ऐकलं. ज्यांच्यासाठी त्या राबल्या, त्यांच्यातलं कुणी समारंभाला येणं शक्यच नव्हतं. बाहेर व्हरांड्यात केस पेपर काढायच्या रांगेत तीन-चार बायका मात्र त्या दिवशी जरा जास्तच वेळ रेंगाळल्या, असं मला वाटलं. मला तसं वाटायला हवं होतं, म्हणूनही असेल.

बाई खेडला थोरल्या बंधूंकडे राहायला गेल्या. दिवाळीला फोन यायचा. गेल्या वर्षी बंधूंचाच फोन आला. बाई झोपेत गेल्या होत्या.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी गेलो. घरापुढे मांडव, बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बाईंचा जुना फोटो, त्यात केस काळेभोर. वंदना झाली. मग एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. शेजारी म्हणाले, कष्टाळू होत्या. पुतण्या म्हणाला, आत्याने माझी फी भरली. बंधू माझ्या कानाशी म्हणाले, "दवाखान्यात लिहायचं काम होतं ना तिला? आम्हाला तेवढंच ठाऊक. कामाचं कधी बोलायची नाही." मी हो म्हणालो.

मग त्यांनी माईक घेऊन जाहीर केलं, "आता दवाखान्यातले त्यांचे सहकारी बोलतील."

मी उभा राहिलो. सांगण्यासारखं खूप होतं, आणि त्यातलं एकही माझ्या मालकीचं नव्हतं. समोर पन्नास-साठ माणसं बसली होती. त्यांतलं कोण कुठल्या गावचं, कुणाची लेक कुठे दिलेली, मला ठाऊक नव्हतं.

"बाई वेळेवर यायच्या," मी म्हणालो. "रजा घेत नसत. अक्षर फार चांगलं होतं."

आणि खाली बसलो.

बंधूंचे डोळे भरून आले. "ते वळण आमच्या आबांचं," ते माईक न घेताच म्हणाले. "आम्हा तिघा भावंडांत तिनेच ते उचललं."

मांडवातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. चांगलं अक्षर ही कुणालाही सांगता येण्यासारखी गोष्ट होती.